रिपोर्ट नेहमीसारखा आहे, लेकरू कळवळतंय

सिकलसेलची मुलं रात्री-अपरात्री ज्यांच्यासमोर येतात त्या डॉक्टरांना, सिस्टरना, आणि रुग्णालयांचे नियम ज्यांच्या सहीने ठरतात त्या सर्वांना,

सविनय नमस्कार.

मी अकरा वर्षांच्या एका मुलीची आई. तिला सिकलसेल आहे, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा जन्मजात आजार, एसएस प्रकारचा, आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेला. आम्ही नवरा-बायको दोघंही वाहक आहोत हे आम्हाला ती आठ महिन्यांची झाली तेव्हा कळलं. एका सकाळी तिचे दोन्ही तळहात टम्म सुजले होते आणि ती कुणालाच हात लावू देत नव्हती. काहीतरी चावलं असेल असं आम्हाला वाटलं. पुढे समजलं की या आजारात पुष्कळ बाळांचं पहिलं दुखणं असंच येतं. जन्मानंतरचे पहिले काही महिने गर्भातलं हिमोग्लोबिन त्यांना सांभाळतं, ते ओसरलं की हाता-पायांच्या बारीक हाडांतून आजार डोकं वर काढतो. त्या सकाळपासून आजपर्यंत तिचं दुखणं हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा विषय आहे.

हे पत्र लिहायला कारण झाली गेल्या महिन्यातली एक रात्र, आणि तिच्यापेक्षाही जास्त, त्या रात्रीबद्दल मला मिळालेलं उत्तर.

तिच्या मांड्यांत आणि कमरेत संध्याकाळीच ठणका सुरू झाला होता. आम्हाला जे जे शिकवलंय ते सगळं आम्ही घरी केलं. भरपूर पाणी पाजलं, गरम पाण्याची पिशवी दिली, पॅरासिटामॉल दिलं, मग आयब्युप्रोफेन. मध्यरात्रीनंतर तिने पाय पोटाशी घेतले आणि बोलणं बंद केलं. ती बोलेनाशी झाली की आम्ही निघतो. दोन वाजून दहा मिनिटांनी केसपेपर निघाला आणि दुखण्याचं पहिलं इंजेक्शन मिळालं पाच चाळीसला.

मधले साडेतीन तास रक्ताच्या रिपोर्टची वाट बघण्यात गेले. रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन तिचं एरवी असतं तेवढंच होतं. मग आम्हाला सांगण्यात आलं की एवढं दुखायला नको. त्या वेळी तिच्या हातात माझा फोन होता, आवाज बंद करून ती कार्टून बघत होती. त्याकडे बोट करून डॉक्टर म्हणाले, "खरंच इतकं दुखत असतं तर हिने कार्टून बघितलं असतं का?"

दोन दिवसांनी मी तिला विचारलं, त्या रात्री काय बघत होतीस गं? ती म्हणाली, "बघत नव्हते. त्यातल्या सशाच्या उड्या मोजत होते. शंभर झाल्या की परत एकपासून." तिच्या दुसऱ्या हाताची नखं माझ्या मनगटात रुतली होती, त्याचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. ते मात्र कुणी पाहिले नाहीत.

मी रीतसर लेखी तक्रार केली. उत्तरात दोनच ओळी आल्या: उपचार प्रचलित नियमांनुसार झाले, रक्ताचे अहवाल स्थिर होते. मला हे उत्तर खोटं वाटत नाही, आणि म्हणूनच मी गप्प बसू शकत नाही. रिपोर्ट हातात आल्याशिवाय आणि वरिष्ठांची सही झाल्याशिवाय लहान मुलाला जोरकस वेदनाशामक द्यायचं नाही, असा नियमच असेल तर रोज रात्री कुणा ना कुणा मुलाचे साडेतीन तास असेच जाणार. रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. सिकलसेलच्या मुलांचे आईबाप एकमेकांशी बोलतात आणि प्रत्येकाकडे अशी एक रात्र आहे, रुग्णालयं वेगवेगळी आहेत.

पहिलं म्हणणं रिपोर्टबद्दल. सिकलसेलच्या क्रायसिसची, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र दुखण्याची, खात्री करून देणारी रक्ताची तपासणी नाही. हे मी तुम्हाला सांगावं लागू नये, पण सांगते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच काय तो फरक. प्राणवायू सुटला की असं हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून कांड्यांसारखं ताठ होतं, पेशी कोयत्यासारखी वाकते, आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. पलीकडच्या हाडाला रक्त मिळत नाही. हे दुखणं रक्ताला मुकलेल्या हाडाचं आहे, बाटलीत काढलेल्या रक्तात ते कसं दिसेल? निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, माझ्या मुलीची दहा-वीस दिवस. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी असणं हेच तिचं रोजचं आहे, आणि क्रायसिसमध्येही ते तेवढंच असू शकतं. नाडी, रक्तदाबही कधी कधी शांत असतात. दुखण्याचा पुरावा एकच, ती काय सांगते तो. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या नव्याने मांडली, तेव्हा सोबत स्पष्ट नोंदवलं की माणूस मला दुखतंय म्हणाला तर त्या म्हणण्याचा मान राखला पाहिजे. लेकरू म्हणालं तरी तेच लागू.

गैरसमज नको. तपासण्या करू नका असं मी म्हणत नाही. ताप असेल, छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, एक हात लुळा पडला असेल, पोटात डावीकडे प्लीहा वाढली असेल, तर एक मिनिट दवडू नका हे आम्हालाही पाठ आहे. या मुलांची प्लीहा लवकर निकामी होते, साधा जंतुसंसर्गही काही तासांत जीवावर बेततो. तपासणी कराच. पण रक्त काढायला सुई टोचताच आहात, तर दुखण्याचं औषधही त्याच वेळी द्या. एकासाठी दुसरं का थांबावं?

दुसरं म्हणणं वेळेबद्दल, आणि इथे मी माझं मत मांडत नाहीये. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2012 मध्ये लिहून ठेवलंय की रुग्ण आल्यापासून 30 मिनिटांच्या आत वेदनाशामक मिळालं पाहिजे, आणि आराम पडेपर्यंत दर अर्ध्या तासाने परत विचारलं पाहिजे. अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये एक तासाची मर्यादा घातली आणि दर 30 ते 60 मिनिटांनी पुन्हा तपासा असं सांगितलं. नाइसच्या त्याच मार्गदर्शनात आणखी एक वाक्य आहे, ते मी वहीत उतरवून ठेवलंय. त्याचा आशय असा की दुखणं चालू असताना रुग्णाला किंवा त्याची काळजी घेणाऱ्याला या आजाराचा जाणकार समजा, आणि त्यांचं ऐका. मी अकरा वर्षं तिच्या उशाशी बसलेय. माझी मुलगी कधी घाबरलीय आणि कधी खरंच कळवळतेय यातला फरक मला कळतो.

तिसरं म्हणणं बोलायला अवघड आहे. जोरकस औषधाचं नाव काढलं की तुमचा चेहरा बदलतो. "सवय लागेल." "हिला या इंजेक्शनचं नाव कसं काय माहीत?" अहो, माहीत असणारच! मधुमेहाच्या मुलाला इन्सुलिनचं नाव माहीत असतं, तेव्हा कुणी संशय घेत नाही. मॉर्फिनसारख्या औषधाने श्वास मंदावू शकतो, गुंगी येऊ शकते, ही तुमची काळजी खरी आहे आणि त्यासाठी मुलावर नीट लक्ष ठेवलं पाहिजे, हेही मला मान्य आहे. पण ती काळजी डोस मोजून, प्राणवायू बघत, शेजारी सिस्टर ठेवून घ्यायची असते. औषध न देऊन नाही. शरीराला एखादं औषध अंगवळणी पडून डोस वाढवावा लागणं आणि व्यसन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुमच्याच पुस्तकात आहे. अकरा वर्षांच्या पोरीला व्यसनी ठरवणारी नजर तिला कळते. गेल्या वेळी घरी आल्यावर तिने विचारलं, "आई, मी खोटं बोलते असं त्यांना का वाटलं?"

त्यानंतर तिने एक गोष्ट सुरू केली. दुखण्याचा आकडा विचारण्यासाठी तुम्ही हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता दाखवता ना, त्यात ती आता नेहमी मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवते. शेवटचा रडका चेहरा दाखवला तर "नाटक करतेय" म्हणतील, आणि हसऱ्याच्या जवळचा दाखवला तर औषध मिळणार नाही. अकरा वर्षांच्या मुलीने हा हिशेब शिकला, आणि तो तिला आपण मोठ्यांनी शिकवला.

खरं तर आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत. कळ, चमक, सणक, ठणका, ठुसठुस, तिडीक. माझ्या मुलीला यातले सगळे वेगवेगळे कळतात. पाठीतली सणक आणि नडगीतला ठणका यांना वेगवेगळी औषधं लागू पडतात हेही तिला ठाऊक आहे. घानातल्या गा भाषेत या आजाराला जे जुनं नाव आहे ते च्वेच्वेच्वे, त्याच अक्षराचा परत परत घाव घालणारं. तिथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या या आजाराला दुखण्यावरून ओळखलं. वैद्यकाने मात्र त्याला पेशीच्या आकारावरून नाव दिलं. 1910 मध्ये शिकागोत जेम्स हेरिक यांनी पहिल्यांदा या वाकड्या पेशींचं वर्णन छापलं, तेव्हा ज्याचं रक्त त्यांनी पाहिलं तो ग्रेनाडाहून आलेला दंतवैद्यकाचा विद्यार्थी होता, वॉल्टर क्लेमेंट नोएल. पुढे तो आपल्या बेटावर परत गेला आणि 1916 मध्ये ऐन तिशीत वारला. पेशी जगाला लगेच दिसली. तिच्यामागे दुखणारा माणूस दिसायला अजून वेळ लागतोय.

आता तुमच्या डोळ्यांआड जे घडतं त्याबद्दल. तुम्हाला माझी मुलगी वर्षातून चार-पाच वेळा दिसते, म्हणून तिला वर्षातून चार-पाच वेळा दुखतं असं तुमच्या कागदावर येतं. 2008 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 16 वर्षांपुढच्या 232 रुग्णांनी घरी रोज दुखण्याची नोंद ठेवली. नोंदवलेल्या दिवसांपैकी निम्म्याहून जास्त दिवस, नेमके 54.5 टक्के, दुखण्याचे होते. अचानक रुग्णालय गाठावं लागलेले दिवस होते 3.5 टक्के. बाकीचं दुखणं घरातच गेलं. ती मोठी माणसं होती, पण आमच्या घरातल्या कॅलेंडरवरही चित्र फार वेगळं नाही. माझी मुलगी दुखण्याच्या दिवशी निळा ठिपका देते. या वर्षी पावसाळ्याचे महिने निळेच आहेत.

त्या निळ्या दिवसांत काय होतं ते ऐका. ती भिंत धरून चालते. केस विंचरून घेत नाही, मान वळवली की दुखतं म्हणून. रात्री तीन-चार वेळा उठते, सकाळी थकलेली असते, आणि थकव्याला आजार मानायला कुणी तयार नसतं. शाळेत तिची गैरहजेरी एवढी की दरवर्षी मला मुख्याध्यापकांसमोर उभं राहावं लागतं. जाते त्या दिवशीही सगळं सुरळीत नसतं. या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे त्यांना वरचेवर पाणी प्यावं लागतं आणि वरचेवर जावंही लागतं. तासाच्या मधे उठू देत नाहीत म्हणून माझी मुलगी पाणीच पीत नव्हती. पाणी कमी म्हणजे रक्त घट्ट, रक्त घट्ट म्हणजे क्रायसिस. एकदा खेळताना पाय दुखायला लागला तर कुणीतरी भल्या मनाने बर्फ लावला. गारठ्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात, सिकलसेलला बर्फ चालत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. डोळे पिवळे दिसतात म्हणून वर्गात तिला एक नाव पडलंय, ते मी इथे लिहिणार नाही.

मुलग्यांचं आणखी एक दुखणं असतं. लघवीच्या जागी ताठरपणा येऊन तो तासन् तास उतरत नाही, भयंकर दुखतं, आणि लाजेपायी पोरं घरी सांगत नाहीत. चार तास उलटले तर कायमचं नुकसान होऊ शकतं. त्यांना हे आधी सांगून ठेवायचं काम कुणाचं?

या सगळ्याबद्दल ओपीडीत मला आजवर कधीच विचारलं गेलं नाही. हिमोग्लोबिन किती, फॉलिक अॅसिड चालू आहे ना, पुढची तारीख अमुक. मुलांना स्वतःलाच विचारता येतील अशा प्रश्नावल्या तयार आहेत, खास सिकलसेलच्या मुलांसाठी केलेल्या. दुखणं किती, दुखण्याचा धाक किती, थकवा किती, आपलं म्हणणं दुसऱ्यांना सांगता येतं का, असे प्रश्न त्यात असतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. आणि ते मुलालाच विचारा, कारण माझं उत्तर आणि तिचं उत्तर एक येत नाही. मला तिचं दुखणं सगळ्यात मोठं वाटतं. तिला विचारलं तर ती म्हणते, "सहलीला कधीच नेत नाहीत ते."

आणि हायड्रॉक्सीयुरिया. 1995 मध्ये मोठ्यांवरच्या चाचणीत या गोळीने क्रायसिस जवळपास निम्म्यावर आणले. 2011 मध्ये 9 ते 18 महिन्यांच्या बाळांवरच्या चाचणीतही दुखणं कमी झालेलं दिसलं. 2019 मध्ये अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा इथल्या मुलांवरचे निष्कर्ष आले, तिथेही दुखणं कमी झालं, मृत्यूही कमी झाले. माझ्या मुलीला ही गोळी सहाव्या वर्षी मिळाली. त्याआधी तिचं नावसुद्धा आम्ही ऐकलं नव्हतं. गोळी सुरू झाल्यावर तिची पहिली पूर्ण सहामाही शाळेत गेली. मधली वर्षं कुठे गेली, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने 12 वर्षांपुढच्या रुग्णांसाठी दोन जनुकीय उपचारांना मान्यता दिली, त्याच्या बातम्या आल्यावर नातेवाइकांचे फोन आले, "आता बरी होणार ना?" त्यासाठी आधी जोरदार केमोथेरपी घ्यावी लागते आणि तो उपचार मोजक्याच ठिकाणी होतो. आमची मागणी त्याहून फार साधी आहे.

मागण्या अशा.

दुखणं घेऊन आलेल्या सिकलसेलच्या मुलाला अर्ध्या तासात, फार तर एका तासात, पहिलं औषध मिळालंच पाहिजे. रिपोर्टसाठी आणि सहीसाठी ते अडवायचं नाही. रात्रपाळीच्या डॉक्टरांना तसा लेखी अधिकार द्या.

औषध दिल्यावर अर्ध्या तासाने परत या आणि मुलाला विचारा. आम्ही बोलवायला यायची वाट बघू नका.

प्रत्येक मुलाचा एक पानाचा उपचार-कागद तयार करा. कुठलं औषध लागू पडतं, किती, कुठलं चालत नाही, त्याचं एरवीचं हिमोग्लोबिन किती. तो फाइलच्या पहिल्या पानावर लावा आणि एक प्रत आमच्याकडे द्या.

कॅज्युअल्टीत नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला, सिस्टर आणि वॉर्डबॉयसकट, या आजाराचं शिक्षण द्या. "नाटक", "सवय" हे शब्द मुलांसमोर पुन्हा उच्चारले जाऊ नयेत.

ओपीडीच्या प्रत्येक भेटीत झोप, शाळा, खेळ आणि भीती यांबद्दल मुलालाच विचारा आणि उत्तर कागदावर लिहा. गरज पडली तर समुपदेशकाकडे पाठवा. पण दुखणं मनाचं आहे म्हणून नाही, तर रोजच्या दुखण्याने मन थकतं म्हणून, हे त्या मुलाला समजेल असं सांगून पाठवा.

हायड्रॉक्सीयुरियाबद्दल निदान झाल्यावर लगेच आईवडिलांशी बोला. फायदे, तोटे, रक्ताच्या नियमित तपासण्या, सगळं सांगा. निर्णय आम्ही तुमच्यासोबत घेऊ.

शाळेसाठी तुमच्या सहीचं पत्र द्या. पाण्याची बाटली जवळ, लघवीला जायची मुभा, बर्फ नाही, थंडी-पावसात मैदानावर उभं करायचं नाही. माझ्या तोंडी सांगण्याला शाळेत किंमत नाही, तुमच्या शिक्क्याला आहे.

आणि मूल मोठं झाल्यावर त्याला एका चिठ्ठीवर मोठ्यांच्या विभागात ढकलू नका. तिथे ओळख करून द्या, निदान दोन भेटी एकत्र करा. सगळं पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायचं बळ त्यांच्यात उरलेलं नसतं.

हे जमणारं आहे, कारण मी ते एकदा पाहिलंय. तीन वर्षांपूर्वी एका रात्री एक सिस्टर ड्यूटीवर होत्या. त्यांनी मला नाही, मुलीला विचारलं, "बाळा, मागच्या वेळी कशाने बरं वाटलं होतं?" मुलीने सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, डॉक्टरांना उठवलं, वीस मिनिटांत औषध दिलं आणि गरम टॉवेल तिच्या नडग्यांभोवती गुंडाळून दिला. त्या रात्रीही रुग्णांची गर्दी होती. माझी मुलगी अजून त्यांच्याबद्दल बोलते. रुग्णालयात जायचं म्हटलं की विचारते, "त्या सिस्टर असतील का?"

पुढचा क्रायसिस कधी येईल ते मला सांगता येत नाही. येईल हे नक्की. तिचा उपचार-कागद मी स्वतःच लिहून ठेवलाय, आमच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून त्यावर सही घेतलीय, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या मागे लावलाय. त्या रात्री तो मी तुमच्या टेबलावर ठेवीन. रक्ताची बाटली हातात घ्यायच्या आधी तो वाचा, आणि मग तिच्याकडे बघून तिला विचारा, कुठे दुखतंय.

आपली,
एका सिकलसेलग्रस्त मुलीची आई